तरण्या पोरीचा हात

नागुबाई हाक मारल्याशिवाय कधी आत येत नाही. दोन घरं सोडून राहते, तिचा आवाज तिच्या आधी पोचतो, आणि गेलं वर्षभर मी त्या आवाजाच्या भरवशावर जगत होतो. त्या मंगळवारी दुपारी मात्र ती हाक न मारता आली. कडी घातलेली नव्हती, दार नुसतं ओढलेलं होतं. ते उघडलं तेव्हा सूप माझ्या मांडीवर होतं आणि बोटांत अर्धी वळलेली विडी. मी सूप खाटेखाली सरकवलं, विडी मुठीत चुरगळली आणि शेजारी याचसाठी ठेवलेलं वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. निदान ते उलटं तरी नव्हतं. “आय कुटं हाय रं?” नागुबाई उंबऱ्यातच उभी होती. मी म्हणालो, शामूच्या दुकानात गेलीय, चहापत्ती आणायला. तिच्या हातात आमचं फडक्यातलं गाठोडं होतं. आईनं वळलेल्या विड्या रोज नागुबाईच कारखान्यात पोचवते आणि येताना पानं-तंबाखू घेऊन येते. आज गाठोडं भरलेलंच परत आलं होतं. “मारुतीरावानं घेतल्या न्हाईत,” ती म्हणाली. “म्हंतोय, ह्यो सोनुबाईचा हात न्हाय. कुण्या तरण्या पोरीचा हात हाय. उद्या धा वाजता म्हातारीला घिऊन या म्हणालाय. त्येच्यापुढं बसून एक जुडी वळायची. कारखान्याचं कार्ड बी संगं आणायचं.” गाठोडं तिनं खाली ठेवलं, जायला वळली, आणि मग परत वळून माझ्या लेंग्याकडे पाहिलं. गुडघ्यावर तंबाखूचा चुरा सांडलेला होता. मी वर्तमानपत्र हळूच खाली घेतलं. “कोन हाय रं ती पोरगी?” तिनं आवाज खाली आणून विचारलं. मी म्हणालो, कुठली पोरगी? ती गेली. तिच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत मी श्वास घेतला नाही, आणि घेतला तेव्हा तंबाखूचा खकाणा घशात जाऊन असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

मी परशराम. निपाणीच्या आमच्या गल्लीतला पहिला बी.ए. वय एकतीस. नोकरी नाही. घरात आई आहे, सोनुबाई, जिला सगळी गल्ली विडीकामगार म्हणून ओळखते, आणि बायको आहे, अंबू, सरकारी दवाखान्यात नर्स. तिघांत मीच एकटा असा की मी काय करतो असं कुणी विचारलं तर घाम फुटतो. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर माझं नाव बेळगावला आहे, आणि कोल्हापूरला मामाच्या पत्त्यावर दुसऱ्या कार्डावरही आहे. दोन राज्यांत नाव लावणं हा गुन्हा आहे की नुसती लबाडी, ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून मी त्याचीही भीती बाळगतो. आमच्या सीमेवर असे खूप आहेत. इकडे कानडी कच्ची, तिकडे पत्ता खोटा. पण ती भीती चारचौघांत बोलता येते, चहाच्या गाड्यावर तिच्यावर विनोद करता येतात. खाटेखाली सरकवलेल्या सुपाची भीती तशी नव्हती. ती मी कुणालाच सांगू शकत नव्हतो, कारण ती सांगायची म्हणजे आधी सूप सांगायला लागणार.

विडीला हात असतो. बाहेरच्या माणसाला पंचवीस विड्यांची जुडी दिली तर त्याला सगळ्या सारख्याच दिसतील, पण चेकर पाहतो तेव्हा त्याला त्यात बाई दिसते. कुणी दोरा दोनदा गुंडाळते, कुणी तीनदा. कुणाचं बूड सैल, कुणी तोंड मुडपताना पान जरा डावीकडे ओढते. मारुतीराव तीस वर्षं चेकर आहे. बाया सांगतात की गरोदर बाईचा हात त्याला चौथ्या महिन्यापासून कळतो, कारण ती विडी सैल वळायला लागते. खरं-खोटं कोण जाणे. कारखान्यात वळणाऱ्या सगळ्या बाया आणि वळलेलं पाहून छाट बाजूला काढणारे सगळे बाप्ये. छाट म्हणजे नापास विडी. रोज थोडी छाट निघतेच, ज्या बाईची छाट निघत नाही अशी बाई अजून जन्माला यायची आहे. आणि इथंच माझं चुकलं असं आता मला वाटतं. गेल्या सहा महिन्यांत आईच्या गाठोड्यातून एकही छाट निघाली नव्हती. नागुबाई रोज येऊन कौतुकानं सांगायची, “आजबी न्हाय बगा.” मी वर्तमानपत्रामागे बसून खूश व्हायचो. मॅट्रिकच्या निकालाला झालो नव्हतो एवढा. साठीच्या म्हातारीचा, कापऱ्या हाताचा माल एका रेषेत कापल्यासारखा येतो, हे कुणाच्या तरी लक्षात येईल एवढी साधी गोष्ट बी.ए. झालेल्या माणसाला सुचली नाही. मधूनमधून दोनचार सैल वळल्या असत्या तर भागलं असतं. पण सैल वळायला बोटं तयारच होत नव्हती.

ही बोटं मला आईनं दिली. मी सात-आठ वर्षांचा होतो. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, ते दिवसभर बाहेर. आई सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि मी तिच्या गुडघ्याला टेकून. आधी तिनं मला फर्मा धरून पान कापायला दिलं, पत्र्याचा चौकोन पानावर ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची. मग दोरा बांधायला. मग एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि मी शाळा बुडवून तीन दिवस वळलो. चौथ्या दिवशी वडिलांनी मला पाहिलं. त्यांनी मला मारलं नाही. सूप उचलून अंगणात फेकलं, पानं उडाली, तंबाखू चिखलात गेली, आणि ते आईला म्हणाले, “पोराची पोरगी कराय निगालीयास व्हय? त्येला साळंला घाटलाय तो ह्येच्यासाठी?” आई चिखलातली पानं वेचत राहिली. मी दाराआड उभा होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे काम वाईट म्हणून वडील चिडलेले नव्हते, कारण आईनं ते करण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. माझ्या हातात ते शोभत नव्हतं एवढंच. दर रविवारी आई त्याच पान कापायच्या कात्रीनं माझी नखं काढायची, सोमवारी गुरुजी नखं तपासायचे म्हणून. कात्रीला तंबाखूचा वास असायचा. तो वास आला की मला अजून शाळेची घंटा आठवते.

मग मी बाप्याला शोभेल ते शोधत राहिलो. मॅट्रिक झाल्यावर मास्तर म्हणाले, टायपिंग शीक. मी क्लासच्या दारापर्यंत गेलो. आत बारा मशिनी आणि त्यांतल्या नऊवर पोरी, वेण्या पाठीवर टाकून खटाखट बडवत होत्या. मी दारातूनच परत आलो. त्यांतल्या बहुतेक पोरी पुढे बेळगावला, कोल्हापूरला कुठे कुठे लागल्या. लोक म्हणायचे, पोरींचं बरं असतं, लगेच लागतात. लगेच लागतात ते काय शिकल्यामुळे, ते कुणी म्हणत नव्हतं, मीही नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी बेळगावहून एक्स्चेंजचा कॉल आला. नर्सिंगचं शिक्षण, शिकताना पैसे मिळणार, पुढे नोकरी. पुरुषांना थोड्या जागा होत्या. वडील तेव्हा होते. त्यांनी माझ्याकडून पत्र वाचून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे करायचं काय?” मी सांगितलं, आजाऱ्यांची सेवा, मलमपट्टी, मलमूत्राची भांडी देणं. वडिलांचे वडील गावातली मेलेली जनावरं ओढायचे. वडील म्हणाले, “त्यातनं भायेर पडाय दोन पिढ्या गेल्या आमच्या.” मी पत्र फाडलं. वडिलांच्या नावावर फाडलं, पण माझ्या मनात जनावरं नव्हती, पांढऱ्या टोप्या घातलेल्या पोरी होत्या आणि त्यांच्या रांगेत मी. अंबू त्याच तुकडीत होती. लग्नानंतर तिनं एकदा सहज सांगितलं की आमच्या वर्गात दोन बाप्येही होते, चांगले होते बिचारे, कायम झाले. मी ताटावरून उठलो होतो. का उठलो ते तिला अजून सांगितलेलं नाही.

आईचा हात कापायला लागला गेल्या वर्षी. आधी चहाची बशी वाजायची, मग बोटांतला दोरा नाचायला लागला. अंबू म्हणाली, हा कंपवात, औषधानं थोडा थांबेल, बरा होणार नाही. आईनं विचारलं, “बिडी वळता यील न्हवं?” दुसरं काही विचारलं नाही. त्याआधी दोन वर्षं कारखान्याच्या बायांनी भांडून भांडून कार्डं मिळवली होती. आई मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडली होती, आठ दिवस खुणांनी बोलत होती. कार्डावर तिचा फोटो, आयुष्यातला पहिला, आणि खाली नाव, सोनुबाई, पुढे हुद्दा. कागदावर आमच्या घरातल्या कुणाचा हुद्दा लिहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. ते कार्ड ती बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवते आणि सणाला तसबीर पुसताना तेही पुसते. कार्ड एकदा गेलं की परत मिळत नाही, हे तिला माहीत होतं, मलाही. म्हणून एका दुपारी, ती एकच विडी पाचव्यांदा उलगडत असताना, मी दार लावलं आणि म्हणालो, दे इकडे. तेवीस वर्षांनी सूप मांडीवर घेतलं. बोटांना सगळं आठवत होतं. मला वाटलं होतं लाज वाटेल. मला भूक लागल्यासारखं झालं. पहिल्या दुपारी तीन जुड्या झाल्या तेव्हा आई माझ्याकडे असं बघत होती की मी मान वर केली नाही. त्या दिवसापासून मी रोज घाबरतो. बोटं लिंबाच्या सालीनं घासतो, रॉकेलनं धुतो, तरी वास जात नाही. उजव्या अंगठ्याचं नख वाढवावं लागलं, तोंड मुडपायला नख लागतंच, आणि ते पिवळं पडलं. जानेवारीत बेळगावला क्लार्कच्या मुलाखतीला सही करताना एका साहेबाचं त्या नखाकडे लक्ष गेलं. “काही वाजवता काय?” माझ्या तोंडून निघालं, “सतार.” ते म्हणाले, “मिरजेला शिकता?” मी म्हणालो, हो. नोकरी मिळाली नाही, पण निपाणीच्या एस.टी.त बसल्यावर मी सुटल्यासारखा हसत होतो. सापडलो नव्हतो ना.

आणि आता तरण्या पोरीचा हात. नागुबाई गेल्यावर मी कडी घातली, भिंतीला टेकून बसलो, आणि ते शब्द डोक्यात फिरत राहिले. मारुतीरावानं माझ्या हातात पोरगी पाहिली होती. जी वडिलांनी पाहिली होती तीच. चिखलात फेकूनही ती मेली नव्हती, तेवीस वर्षं बोटांत लपून बसली होती, आणि उद्या दहा वाजता चाळीस बायांसमोर तिला बोलावलं होतं. गल्लीतून कुणी चाललं की मला वाटे हे सगळे आता हळू चालताहेत, आमच्या दाराशी आले की हळू. आई आली तेव्हा तिनं बाहेरून तीनदा कडी वाजवली. मी सांगितलं. तिनं चहापत्तीची पुडी ठेवली, भिंतीला टेकली आणि पहिल्यांदा विचारलं, “तरण्या पोरीचा म्हणाला?” तिच्या तोंडाच्या कडा हलल्या. ती हसत होती. “मारुतीराव लई जुना. त्येला वाटलं म्हंजे हात चांगलाच असनार.” मी ओरडलो, “आये, हसतीस काय? कार्ड जाईल.” ती म्हणाली, “जाईल कशानं? मी सांगते त्येला.” काय सांगणार, असं विचारायचं मला धाडस झालं नाही. तिनं काही सांगू नये एवढंच मला हवं होतं, आणि कार्डही जाऊ नये. हे दोन्ही एकदम कसं व्हायचं याचा मी विचार करत नव्हतो. भ्यालेला माणूस विचार करत नाही, नुसता तिथल्या तिथे फिरतो.

अंबू दिवे लागायच्या वेळी ड्यूटीवरून आली. पाय धुतले, वेणीतल्या पिना काढून खिडकीत ठेवल्या, आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. “मग खरं सांगा की,” ती म्हणाली. “घरातलं मानूस वळतंय. चोरी न्हाय कुनाची.” मी म्हणालो, “बाप्याला कार्ड देतात काय कुठं?” ती म्हणाली, “इच्यारलंय कुनी आजवर?” ती पोळपाट मांडत होती, माझ्याकडे न बघता बोलली, “आज मेल वॉर्डात हुते. परक्या बाप्यांची मुताची भांडी उचलली दिसभर. मला कोन म्हनतं का, तू बाई हायस, हे कसं करतीस? उलट म्हंत्यात, बाईनंच करावं. तुमी आयच्या बिड्या वळता. त्येचं एवढं काय भ्याव वाटतंय तुमाला?” मला उत्तर येत होतं. ते असं होतं की तू जे करतेस त्यानं तू बाईच राहतेस, पण मी जे करतो त्यानं मी कोण राहतो ते मला माहीत नाही. पण हे असलं पुस्तकी वाक्य कणीक मळणाऱ्या बायकोला कसं सांगायचं? मी म्हणालो, “लोक आधीच म्हणतात, बायकोच्या पगारावर बसून खातोय.” अंबू म्हणाली, “बसून खात न्हाई ते मला ठावं हाय. लोकास्नी कळू दिलं न्हाई ते तुमी.” नंतर आम्ही जेवलो. आई एका हातानं दुसरा हात धरून जेवत होती.

बुधवारी सकाळी मी माझा मुलाखतीचा शर्ट घातला. कशाला, ते मला विचारू नका. आईनं तसबिरीमागून कार्ड काढलं, पदराला पुसलं आणि कमरेच्या पिशवीत घातलं. सूप, फर्मा, कात्री असं सगळं फडक्यात बांधून घेतलं. गाठोडं मी घ्यायला हवं होतं, तिचे हात कापत होते, आतली कात्री फर्म्यावर किणकिणत होती. पण गाठोड्यातून सुपाची कड बाहेर आलेली दिसत होती, आणि मी घेतलं नाही. चार पावलं पुढे चालत राहिलो, जणू आम्ही वेगवेगळ्या कामाला निघालो आहोत. हायवेवरून कोल्हापूरची गाडी गेली. मला एकदम वाटलं, पळत जाऊन चढावं, मामाच्या पत्त्यावर उतरावं आणि त्या दुसऱ्या कार्डावरचाच माणूस होऊन जावं. मागून आई म्हणाली, “सावकाश चाल रं, बाळा.” त्या किणकिणीचा आवाज कारखान्यापर्यंत माझ्या मागोमाग आला.

कारखान्याच्या लांबलचक सोप्यात बाया रांगेनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पुढ्यात आपापला माल. दाराशी चपलांचा ढीग. मारुतीराव टेबलामागे, नाकावर घसरलेला चष्मा, बोटं इतकी पिवळी की माझी त्यापुढे काहीच नाहीत. माणूस वाईट नव्हता. त्यानं उठून आईला बसायला फळी दिली. “राग मानू नगंस, सोनुबाई. उद्या मालकानं इच्यारलं तर मी काय सांगू? दुसऱ्याच्या हाताचा माल कार्डावर घेता येत न्हाय.” आईनं सूप मांडीवर घेतलं. मी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो, उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. आईनं पान घेतलं, फर्मा ठेवला, कात्री फिरवली, पान वाकडं कापलं गेलं. दुसरं घेतलं. तंबाखू भरली, ती अर्धी लुगड्यावर सांडली. वळायला गेली, उलगडलं. पुन्हा वळायला गेली. तिसऱ्या वेळी दोरा दाताखाली धरून तिनं ती विडी कशीबशी बांधली आणि सुपात ठेवली. मुंडासं सुटलेल्या माणसासारखी ती विडी तिथे पडली होती. तिनं कात्री खाली ठेवली. “एवढंच जमतंय आता,” ती म्हणाली.

मारुतीरावानं चष्मा काढून पुसला. “मग वळतंय कोन? लपवू नगंस. घरचीच पोरगी असंल, भाची-पुतनी, तर मी सांगतो मालकाला. नाव बदलून कार्ड तिच्यावर करू. तुजं कार्ड वाया जाऊ देनार न्हाय मी. हात सोन्यासारखा हाय त्यो.” आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून, किंवा मला वाटलं मी हलवली. “पोरगी न्हाय,” आई म्हणाली, आणि तिचा मोर्चातला आवाज मला ऐकू आला. “पोरगा हाय माजा. ह्यो उबा हाय न्हवं का. मीच शिकिवलंय त्येला.” चाळीस तोंडं वळली. कुणीही हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. मारुतीरावानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, इस्त्रीच्या शर्टापाशी थांबला. “तू?” मग तो म्हणाला, “बाप्याचं नाव आजपतुर लावलं न्हाय कंदी. पर लावायचं न्हाय असंबी कुटं ल्हिल्यालं न्हाय. ये. बस हितं. एक जुडी वळून दाव. हात त्योच असला तर मी सोता मालकाफुडं जातो.” त्यानं दुसरी फळी पुढे सरकवली. एका बाईनं आपलं सूप उचलून मला जागा करून दिली. बसलो असतो तर पाव तासाचं काम. बोटं मुठीत हलत होती, खरंच हलत होती, त्यांना बसायचं होतं. आणि मला अंगणातला चिखल दिसला, पानं उडताना दिसली, आणि मी बोललो. गल्लीत बोलतो तसं बोललो नाही. मुलाखतीत बोलतो तसं बोललो. “मला हे काम येत नाही. काहीतरी गैरसमज होतोय. आईचं वय झालं आहे, हल्ली तिला काही आठवत नाही, ती काहीही बोलते. मी पदवीधर आहे.”

सोप्यात पंख्याचा आवाज होता, तो मला तेव्हा ऐकू आला. नागुबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. ती माझ्या मुठीकडे बघत होती, आणि मग तिनं नजर आपल्या सुपात घातली. मारुतीराव आईला म्हणाला, “सोनुबाई?” आता ती सांगेल, मला वाटलं, हात उघड म्हणेल, नख दाखव म्हणेल, आणि ती म्हणाली असती तर मी कदाचित मूठ उघडली असती. हे मी आता म्हणतो. आईनं सूप मांडीवरून उतरवलं. “व्हय,” ती म्हणाली. “म्हातारी झाले. कायबी बोलते मी.” तिनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. हात कापत होता म्हणून ते टेबलावर ठेवताना दोनदा टकटक वाजलं. मारुतीरावानं ते लगेच घेतलं नाही. माझ्याकडे पाहत बसला. मग ड्रॉवर उघडला आणि कार्ड आत ठेवलं.

परत येताना गाठोडं मी घेतलं. आता घेतलं. आई माझ्यामागून अनवाणी येत होती, थकलेल्या माणसासारखी. शामूच्या दुकानापाशी कुणीतरी विचारलं, “काय बीए, कुटं निगाला?” मी हसलो. पोटातली भीती गेली असेल म्हणून मी चाचपून पाहिलं. ती तिथेच होती, नुसती तिनं कूस बदलली होती. कालपर्यंत मी लोकांना भीत होतो. आता मला मागून येणाऱ्या त्या अनवाणी पावलांची भीती वाटत होती. घरी आल्यावर आईनं तसबीर सरळ केली. तिच्यामागची जागा मोकळी झाल्यानं ती भिंतीला चपटी टेकली होती. मग तिनं गाठोडं सोडलं, सूप भिंतीला उभं केलं, फर्मा त्याच्यामागे ठेवला, आणि कात्री घेऊन माझ्यासमोर बसली. दार उघडंच होतं. “हात दे,” ती म्हणाली. मला आधी कळलंच नाही. तिनं माझी मूठ उलगडली, सकाळपासून मिटलेली, आणि अंगठा आपल्या दोन बोटांत धरला. कात्रीची पाती थरथरत होती. कधी नखाशी यायची, कधी कातड्याशी. मी भ्यालो, तरी हात मागे घेतला नाही. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा कडेचं मांस कापलं गेलं, रक्त आलं, आणि तिसऱ्यांदा ते पिवळं नख तुटून खाली पडलं. तिनं ते उचललं, छाट फेकतात तसं दाराबाहेर फेकलं, आणि कात्री पदराला पुसली. “आता कोन वळखत न्हाय तुला,” ती म्हणाली. “दुसरा हात दे.” दुसऱ्या हाताची नखं वाढलेली नव्हती. तरी मी तो पुढे केला.